तांबरमची गाडी आणि चंदेरी रंगाचा डबा

कोल्हापुरात परत आल्यापासून जो भेटेल तो विचारतो, "मास्तर, चेन्नईत काय काय पाहिलंत?" समुद्र पाहिला का, देवळं पाहिली का, साड्या आणल्या का. मी नऊ दिवस तिथे होतो आणि त्यातले बहुतेक दिवस मी एका म्हाताऱ्या गाडीच्या बॉनेटखाली डोकं घालून काढले. समुद्र एकदाच दिसला, तोही एन्नोरला, आणि तो काळा होता. तरी लोकांना ऐकायचंच असेल तर हे घ्या. जे गेले नाहीत त्यांचं फार काही चुकलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझी ओळख करून द्यायची तर, मी चौतीस वर्षं सरकारी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा वर्ग चालवला. गाडीच्या विजेचं काम हा माझा खास प्रांत. आणि खंडेनवमीला माझ्या वर्कशॉपचा थाट बघायला दुसऱ्या वर्गांचे मास्तर यायचे. लेथपासून ग्राइंडरपर्यंत एकूण एक यंत्र आदल्या दिवशी घासूनपुसून चंदेरी रंगात न्हाऊन निघायचं. नट-बोल्टसुद्धा सुटायचा नाही. दसऱ्यानंतर महिनाभर ही यंत्रं हाताला झिणझिण्या द्यायची, पण ती वीजवाल्यांची कृपा. मी दरवर्षी त्यांना खरमरीत पत्र लिहायचो. त्यांनी कधी उत्तर दिलं नाही, देणार तरी काय.

तांबरम, पहिला दिवस

माझी भाची मेघना तिकडे एका मोटारीच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. लग्नही तिथलंच केलं, तंजावरच्या मराठी घरात. नवरा कंपनीच्या कामाने जर्मनीत, आणि ही सासू-सासऱ्यांबरोबर तांबरमला. पंधरा दिवसांपूर्वी तिचा फोन आला. म्हणाली, मामा, आमच्या सासऱ्यांच्या गाडीचा अल्टरनेटर गेलाय आणि तुझ्याशिवाय कुणाला जमणार नाही. शेवटचं वाक्य ऐकून मी तिकीट काढलं.

गाडीच्या विजेचं ज्यांना काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढंच: इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून वीज तयार करतो तो अल्टरनेटर. तो बॅटरी भरत राहतो. तो बंद पडला की बॅटरी असेल तोवर गाडी चालते, मग रस्त्यात बसते.

मेघनाचे सासरे सेतुराम राव. वय पंचाहत्तर, कपाळावर गंध, पायात रबरी चपला. पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी मराठी राजवटीबरोबर तंजावरला गेले ते तिथलेच झाले. घरात बोलतात ते मराठी, असं त्यांचं म्हणणं. मला पहिला दिवस ते आमच्या जुन्या कागदपत्रांतलं वाटलं, आणि चाल सगळी तमिळ. "यावें मास्तर, प्रवास सुखाचा जाहला कां? ऊन फार अहे," म्हणाले, आणि शेवटचा शब्द असा वर उचलला की मला वाटलं विचारतायत.

त्यांच्या पत्नी, अंबाबाई, जेवायला वाढायला आल्या. म्हणाल्या, तुमच्यासाठी मुद्दाम पिठलं केलंय. माझा जीव हरखला. ताटात आली ती तुरीची डाळ, चिंचेच्या पाण्यात, आणि त्यात कारल्याच्या फोडी. मी विचारलं, पिठलं कुठाय? त्या म्हणाल्या, हेंच कीं. तीनशे वर्षांत माणसाची भाषा टिकली तरी पिठल्याचं काय होतं ते मी तिथे पाहिलं. चव वाईट नव्हती, पण ते पिठलं नव्हतं, आणि यावर मी आजही ठाम आहे.

दिवाणखान्यात पायऱ्या पायऱ्यांवर बाहुल्या मांडलेल्या. आपल्याकडे नवरात्रात घट बसतात, त्यांच्याकडे बाहुल्या बसतात. संध्याकाळी शेजारणी येऊन त्या बघतात आणि उकडलेले हरभरे खाऊन जातात. नऊ दिवस रोज हरभरे. माझ्या पोटाने चौथ्या दिवशी हात टेकले.

आता गाडी. मागच्या अंगणात नारळाखाली उभी होती: साधारण बासष्ट सालची, विलायती बनावटीची, चारही चाकांना ओढ असलेली, अंगाने चौकोनी. सेतुराम रावांनी सरकारी भूजल खात्यात नोकरी केली. गावोगाव विहिरीला पाणी कुठे लागेल ते सांगत ते याच गाडीतून फिरले आणि निवृत्त झाल्यावर खात्याच्या लिलावात त्यांनी ती घेतली. डाव्या बाजूच्या सीटवर अंबाबाईंची जागा. तिथली गादी त्यांच्या आकाराची झाली होती.

गोष्ट अशी होती की ते घर पाडून तिथे फ्लॅट व्हायचे होते. बिल्डरने भूमिपूजनाला विजयादशमीचा मुहूर्त धरला होता, त्याच अंगणात. त्या सकाळी अंगण रिकामं पाहिजे. सेतुराम राव आणि अंबाबाई इमारत होईपर्यंत तंजावरकडे धाकट्या भावाच्या शेतावर राहणार होते, मेघना जवळच भाड्याच्या घरात. गाडी स्वतःच्या इंजिनावर त्यांच्याबरोबर गेली तर गेली, नाहीतर मुलाने जर्मनीतून भंगारवाल्याशी बोलून ठेवलं होतं. त्याचा ट्रक त्याच सकाळी यायचा होता.

सेतुराम राव मला गाडीजवळ घेऊन गेले आणि बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "मास्तर, ही आपल्या पायानें जाईल कां? येवढेंच सांगा."

मी म्हटलं, जाईल. त्यात काय एवढं.

तांबरम, दुसरा दिवस

मी कोल्हापुराहून हात हलवत गेलो नव्हतो. पिशवीत टॉवेलात गुंडाळून एक अल्टरनेटर नेला होता, ट्रॅक्टरचा, अगदी नवा. गाडीवर धरून पाहिला तर त्याचे बसवायचे पाय उजवीकडे आणि गाडीची बैठक डावीकडे. उलटा धरला तर पंखा इंजिनाच्या पोटात जाई. विलायती माणसाने साठ वर्षांपूर्वी काय डोक्यात धरून ती बैठक केली असेल ते तोच जाणे. नवा अल्टरनेटर मी परत टॉवेलात गुंडाळला आणि याविषयी कुणी काही बोललं नाही, हे त्या घराचं भलेपण.

मग मी सगळ्यांना बसवून एक महत्त्वाची गोष्ट समजावली. या जुन्या विलायती गाड्यांमध्ये बॅटरीचं अधिक टोक बॉडीला जोडलेलं असतं, आपल्याकडे उणे जोडतात. हे न बघता अल्टरनेटर लावला तर तो क्षणात जळतो. असं बारकाईचं ज्ञान इकडे कुणाला असायचं कारण नाही, असंही मी म्हणालो. अर्धा तास मी बोललो. सेतुराम रावांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग हळूच सांगितलं की मणीने ते दहा वर्षांपूर्वीच उलटवून घेतलंय.

मणी म्हणजे त्यांचा मेकॅनिक. स्टेशनजवळ चिंचेखाली त्याची टपरी. वय साठच्या पुढे, अंगात बनियन, लुंगी गुडघ्यावर. सगळी हत्यारं एका पत्र्याच्या डब्यात मावतात. आणि विजेची तपासणी करायला त्याच्याकडे काय, तर एक बल्ब. स्कूटरच्या इंडिकेटरचा असतो तसला, त्याला दोन वायरी. माझ्याकडे डिजिटल मीटर होता, पिवळ्या रबरी आवरणातला, तीन आकडे दाखवणारा. मी तो बाहेर काढला तेव्हा मणीने आदराने पाहिला, हात लावला नाही. आयटीआयच्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही मी बल्ब लावून तपासू दिलं नसतं, हे मी सेतुराम रावांना मराठीत सांगितलं. मणीला मराठी येत नाही, पण माझा चेहरा त्याला वाचता आला असणार.

पुदुपेट

चेन्नईत जुन्या गाड्यांचे सुटे भाग पुदुपेटला मिळतात. आपल्याकडे जुना बाजार असतो तसा, पण इथे गल्ल्याच्या गल्ल्या नुसत्या इंजिनांच्या. फूटपाथवर दारं, दारांवर स्टीअरिंग, स्टीअरिंगवर झोपलेलं मांजर. उकाडा असा की शर्ट अंगाला चिकटून माझा रंग आणि शर्टाचा रंग एक झाला. रिक्षावाल्याने आम्हाला दोन वेळा त्याच चौकात फिरवलं आणि तिसऱ्या वेळी ओळखीचं हसला.

अल्टरनेटर निवडायचा तर चार गोष्टी बघायच्या: पाय कोणत्या बाजूला आहेत, पुलीची खाच गाडीच्या पट्ट्याएवढी रुंद आहे का, रेग्युलेटर आतच आहे का, आणि वीज किती देतो. जुन्या गाडीला पस्तीस अँपिअर म्हणजे पोटभर झालं. हे सगळं जमणारे दोन नग एका दुकानात निघाले. एक लखलखीत, चंदेरी रंग दिलेला. दुसरा असा मळकट की त्याला हात लावल्यावर हात कशाला पुसायचा हा प्रश्न पडावा. मी अर्थातच पहिला उचलला.

मणीने मान हलवली. सेतुराम रावांनी त्याचं म्हणणं मराठीत आणलं: रंग लावलेला माल तो घेत नाही, रंगाखाली काय आहे ते दिसत नाही. मी म्हटलं, ही आळशी माणसाची सबब आहे. मणीने वाद घातला नाही. दुकानातली बॅटरी जोडली, चंदेरी अल्टरनेटरच्या मागच्या बाजूला स्क्रूड्रायव्हरचं टोक नेलं. आतलं लोहचुंबक जागं असेल तर टोक ओढलं जातं. इथे ते लोंबकळत राहिलं. मळक्याला लावलं तर खटकन चिकटलं.

आम्ही मळका घेतला. परतताना मी खिडकीतून बाहेर बघत बसलो आणि स्वतःला सांगितलं की हा योगायोग आहे.

टी. नगर

दुसऱ्या दिवशी मेघना आणि अंबाबाई सणाची खरेदी करायला टी. नगरला निघाल्या आणि मलाही ओढून नेलं. तिथल्या गर्दीचं वर्णन करायची मला गरज वाटत नाही. साडीच्या दुकानात सहा मजले होते आणि सहाही मजल्यांवर माणसं खालच्या मजल्यावरच्या माणसांच्या डोक्यावर उभी असावीत तशी उभी होती. अंबाबाई जरीचा काठ चिमटीत धरून पारखत होत्या. मी अर्ध्या तासाने कंटाळून बाहेर आलो आणि मागच्या गल्लीत एक हार्डवेअरचं दुकान शोधून काढलं.

त्या मळक्या अल्टरनेटरने मला रात्रभर अस्वस्थ केलं होतं. तीन दिवसांवर खंडेनवमी, तिकडे तिला आयुधपूजा म्हणतात. सणाला असली घाणेरडी वस्तू गाडीत लावायची हे माझ्या चौतीस वर्षांच्या शिस्तीत बसत नव्हतं. मी चंदेरी रंगाचा डबा आणि ब्रश घेतला. दुकानदाराने डब्याबरोबर पॉलिश पेपरचे दोन तुकडे पुढे केले. मी खुणेनेच सांगितलं, नको, काही लागत नाही.

घरी येऊन मी कामाला लागलो. अल्टरनेटर रॉकेलने धुतला. बैठकीचा ब्रॅकेट इंजिनावरून उतरवला, पट्टा ताणायची पट्टी काढली, बोल्ट काढले, सगळं ओळीने वर्तमानपत्रावर मांडलं आणि एकेकाला दोन हात रंग दिला. इंजिनावर ब्रॅकेट बसतो ती जागाही सोडली नाही. संध्याकाळी वाळलं तेव्हा ते अंगण असं झळकलं की शेजारणी बाहुल्या सोडून ते बघायला आल्या. मला माझं वर्कशॉप आठवलं. खरं सांगतो, त्या सबंध मुक्कामात मी तेवढा एकच दिवस सुखात होतो.

तांबरम, पाचवा दिवस

सकाळी मणीच्या समोर मी सगळं चढवलं. पट्टा ताणला, वायरी जोडल्या, सेतुराम रावांनी इंजिन चालू केलं. गाडीच्या डॅशबोर्डवर अँपिअरचा एक जुना काटा आहे. वीज बॅटरीत जाऊ लागली की तो उजवीकडे जातो. तो जिथे होता तिथेच राहिला. चार्जिंगचा लाल दिवा आजारी माणसाच्या डोळ्यासारखा मिणमिणला.

मी मीटर काढला. बॅटरी ठीक. वायरी ठीक. अल्टरनेटरच्या अंगाला टोचणी लावली, दुसरी बॅटरीच्या उणे टोकाला, मीटर पिप्प वाजला: बॉडीचा संपर्क ठीक. म्हणजे उरला कोण, तर मणीने निवडलेला अल्टरनेटर. आणि वर दर शुक्रवारी मणी गाडीच्या बॅटरीला, वायरींच्या जोडांना चंदन-कुंकू लावायचा, त्याची पुटं मला जागोजाग दिसत होती. मी सगळ्यांसमोर बोललो. म्हणालो, माल आंधळ्यासारखा निवडायचा आणि तांब्यावर गंध फासायचं, मग वीज कुठून जाईल? मेघनाने मला "मामा, पुरे" म्हणून थांबवायचा प्रयत्न केला. मी सेतुराम रावांना हे जसंच्या तसं तमिळमध्ये सांगायला लावलं.

त्यांनी सांगितलं. मणीने आपला डबा उचलला. मग एक तोडगा तेवढा सुचवून गेला: दोन भरलेल्या बॅटऱ्या घ्या, दिवसा निघा, चार्जिंगशिवायही पोचाल. त्यावर मी काही म्हणायच्या आत सेतुराम राव बोलले. तिकडे ऑक्टोबरात पाऊस असतो, दिवे आणि वायपर लागतात, हे कारण त्यांनी आधी दिलं. मग खरं कारण दिलं.

"सलाइन लावून नेल्यासारखें नेणार नाहीं मी तिला," ते म्हणाले. "जाईल तर आपल्या बळानें जाईल. नाहीं तर येथेंच निरोप."

अंबाबाईंनी त्या दिवशी त्यांची डाव्या सीटवरची गादी काढून आणली आणि बांधाबांधीच्या सामानात न ठेवता तशीच कोनाड्यात ठेवली. मी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

एन्नोर

पुदुपेटला त्याच दुकानदाराकडे तोंड दाखवायची माझी तयारी नव्हती. मेघनाच्या ऑफिसातल्या कुणाच्या ओळखीने कळलं की एन्नोरला एका ठेकेदाराच्या आवारात जुन्या जीपगाड्या पडल्यात, त्यांतल्या एकीचा अल्टरनेटर या बैठकीला बसेल. मी एकटाच गेलो. तांबरमहून एन्नोर म्हणजे शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, दोन गाड्या बदलून.

एन्नोर कुणाला पाहायचं असेल तर त्याने पांढरा शर्ट घालून जाऊ नये. वीजकेंद्राच्या धुराड्यांची राख दुपारपर्यंत माझ्या खांद्यावर बसली. कोळीवाड्यात जाळी वाळत होती, ती जाळीही करडी. इतकी वीज जिथे तयार होते तिथल्या चहाच्या टपरीवर दिवे गेलेले होते, आणि चहावाला मला वहीच्या पुठ्ठ्याने वारा घालत होता. त्याने चहाबरोबर तळलेला मासा पुढे केला. मी शाकाहारी, पण तो इतक्या प्रेमाने उभा होता की मी नको म्हणताना पहिल्यांदा त्या प्रवासात ओशाळलो.

अल्टरनेटर मिळाला. ठेकेदाराच्या माणसाने दुसऱ्या चालू इंजिनावर फिरवून दाखवला, चोख वीज देत होता. संध्याकाळी तांबरमला येऊन मी तो चढवला, त्याच ब्रॅकेटवर, त्याच बोल्टांनी. काटा हलला नाही. लाल दिवा तसाच मिणमिणला.

वर्गात मी दरवर्षी पहिल्या आठवड्यात एक नियम शिकवायचो: सुटा भाग बदलूनही दोष तोच राहिला, तर दोष त्यात शोधा जे तुम्ही बदललं नाही. तो नियम मला त्या संध्याकाळी तोंडपाठ होता. मी एक एक वायर बदलली. बॅटरी बदलली. जी गोष्ट मी स्वतःच्या हाताने सजवली होती तिच्याकडे माझी नजर गेली ती फक्त कौतुकाने.

शेवटी कंटाळून मळका म्हणून घेतलेला पहिलाच अल्टरनेटर परत लावला. निदान तो दिसायला चांगला होता.

आयुधपूजा

सकाळी उठून बघतो तर माझा मीटर गायब. पाने, पकडी, स्क्रूड्रायव्हर, सगळं गायब. अंबाबाईंनी ते पाटावर मांडून ठेवलं होतं, शेजारी त्यांची विळी, खलबत्ता, मेघनाचा लॅपटॉप. माझ्या मीटरच्या पिवळ्या अंगावर कुंकवाचा ठसठशीत टिळा. आज हत्यारांची विश्रांती, उद्यापर्यंत कुणी काही उचलायचं नाही, असं त्यांनी मला बजावलं. उद्या सकाळी ट्रक येणार आणि आज हत्यारं झोपलेली. मी डोक्याला हात लावला. माझ्याच वर्कशॉपमध्ये खंडेनवमीला कुणी पाना उचलला तर मी त्याला दिवसभर उभा करायचो, हे मला तेव्हा आठवलं नाही, सोयीचं नव्हतं.

आणि मणी आला. मी एवढं बोललो होतो तरी आला, स्वच्छ पांढरा शर्ट घालून. या गाडीला पूजेचं पहिलं चंदन दरवर्षी त्यानेच लावायचं, असा, गाडी खात्याची होती तेव्हापासून, तीस वर्षांचा रिवाज. चाकांना लावलं, स्टीअरिंगला लावलं, मग बॉनेट उघडून अल्टरनेटरला लावायला गेला आणि थांबला. त्याने अंगठ्याच्या नखाने ब्रॅकेट खरवडला. नखाकडे पाहिलं. मग सेतुराम रावांना काहीतरी विचारलं. ते म्हणाले, रंग कोणी लावला असं विचारतोय.

मी म्हटलं, मी. आतून-बाहेरून, दोन हात.

मणीने मान डोलावली, चंदन लावलं, कुंकू लावलं आणि एकच शब्द बोलला. त्याचा अर्थ "उद्या", एवढं तमिळ मला एव्हाना कळत होतं. चाकाखाली लिंबं ठेवली, कोहळा फोडला, चुरमुऱ्यांचा पुडा काखेत घेऊन तो निघून गेला. मी सेतुराम रावांना म्हटलं, या माणसावर तुम्ही तीस वर्षं विसंबलात कसे? ते हसून बॉनेट बंद करायला गेले.

विजयादशमी

उजाडताना मणी हजर. झोपून उठलेला पत्र्याचा डबा, त्यात तो बल्ब. फाटकाबाहेर भंगारवाल्याचा ट्रक येऊन उभा होता आणि बिल्डरची माणसं अंगणात चुन्याने चौकोन आखत होती. अंबाबाई दारात.

मणीने बल्बची एक वायर बॅटरीच्या अधिक टोकाला लावली, दुसरी इंजिनाच्या अंगाला. बल्ब लख्ख पेटला. मग तीच दुसरी वायर त्याने अल्टरनेटरच्या अंगाला टेकवली, काल नखाने खरवडल्यासारखी दाबून. बल्बची तार लालसर झाली, तेवढीच. अल्टरनेटर इंजिनावर बोल्टांनी घट्ट बसला होता आणि तरी इंजिनाला चिकटलेला नव्हता. मध्ये माझा रंग होता.

मी म्हटलं, पण मीटरने संपर्क दाखवला होता. मणी काहीतरी म्हणाला आणि सेतुराम रावांनी ते माझ्यासाठी आणलं.

"तो म्हणतो, मीटराला भूक नसते. एक शीत मिळालें कीं समजतें ताट भरलेलें अहे. बल्बाला भूक अहे. त्याला जेवण लागतें."

बोल्टाच्या आट्यांतून कुठेतरी केसाएवढा संपर्क होता. माझा मीटर त्यावर समाधानी होता. पस्तीस अँपिअर त्यातून जायचे कसे?

मणीने खिशातून पॉलिश पेपरचा तुकडा काढला आणि माझ्यापुढे धरला. स्वतः घासला नाही. कुत्सितपणे धरला असता तर मला सोपं गेलं असतं. मी ब्रॅकेट उतरवला आणि घासायला बसलो, अंगणात, चुन्याच्या चौकोनाच्या कडेला. दोन अंगठ्यांएवढ्या जागा ब्रॅकेटवर, दोन इंजिनावर, अल्टरनेटरच्या पायांच्या आतल्या बाजू, बोल्टांचे आटे. चंदेरी भुकटी माझ्या मांडीवर पडत होती. मला लाज वाटत होती, आणि ती लपवायला तिथे जागा नव्हती. ट्रकवाल्याने दोनदा हॉर्न दिला.

सगळं चढवलं. सेतुराम रावांनी इंजिन चालू केलं. लाल दिवा लख्ख पेटला, मग विझला, आणि काटा उजवीकडे गेला. फार नाही, बोटभर. अंबाबाई आत गेल्या, कोनाड्यातली गादी घेऊन आल्या, ती डाव्या सीटवर ठेवली, थोपटली आणि बसल्या.

मेघनासाठी मी कोल्हापुराहून आपट्याची पानं नेली होती. त्यातलं एक मी मणीच्या हातात दिलं आणि वाकून नमस्कार केला. वयाने तो माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठा असेल. आमच्याकडे या दिवशी सोनं देतात, सेतुराम रावांनी त्याला समजावलं, मागचं सगळं मिटवायला. त्याने पान उलटसुलट पाहिलं आणि बल्बाच्या डब्यात ठेवलं. मग सेतुराम रावांना त्याने सांगितलं की उघड्या ठेवलेल्या जागा गंजतील, वर्षाने परत घासाव्या लागतील.

"मग मास्तरांनी प्रतिवर्षीं यावें," सेतुराम राव म्हणाले, आणि गाडी गिअरमध्ये घालून ट्रकच्या पुढून फाटकाबाहेर गेले.

कोल्हापूर

विजयादशमीच्याच संध्याकाळी, मी तांबरमला असतानाच, तंजावरकडून फोन आला होता. अंबाबाई होत्या. वाटेत पाऊस लागला, वायपर चालले, दिवे लागले, काटा पडला नाही. तुम्ही पिठलें खाल्लें कां, असं त्यांनी विचारलं. त्या दिवशी मेघनाने केलं होतं, कारल्याचं. मी दोनदा घेतलं होतं, पण तसं सांगितलं नाही.

इथे आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी आयटीआयमध्ये गेलो. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी खंडेनवमीला रंग देण्याची माझी पद्धत त्यांनी सोडलेली नाही. वर्कशॉप चकाकत होतं. नवे मास्तर म्हणाले, सर, यंदाही यंत्रं झिणझिण्या देतायत, तुमचं जुनं पत्र बघून वीजवाल्यांना नवीन लिहायला घेतलंय.

मी तीन नंबरच्या लेथच्या मागे वाकून बसलो. अर्थिंगची तार जिथे लेथच्या अंगाला बोल्टने जोडलेली असते ती जागा चंदेरी होती. बोल्ट चंदेरी, वॉशर चंदेरी. मी खिशातून पॉलिश पेपर काढला, लोखंड उघडं पडेपर्यंत घासलं, बोल्ट परत आवळला आणि लेथ चालू करून हाताची मागची बाजू लावली. काही नाही. थंड लोखंड, एवढंच.

नवे मास्तर विचारत होते की पत्र कोणाच्या नावे पाठवू. मी म्हटलं, पाठवू नका, आणि आधीच्या पत्रांच्या नकलाही मला द्या. त्यांनी फाइल काढून दिली. चौतीस वर्षांची, सगळ्यांखाली माझीच सही.